खोपटं भाड्याने देणे आहे

नाही, पण मला एक सांगा, यात माझी काय चूक? म्हणजे आहे, चूक आहे, सगळी माझीच आहे, नाही कुठं म्हणतोय मी… पण सुरुवात कुणी केली? फेंगनं! फेंग वांग, माझा मित्र, शाळेत माझ्या मागं बसतो, फरक एवढाच की तो पास होतो आणि मी होत नाही. तर हा फेंग भर दुपारी आमच्या परसात उभा राहून मला म्हणतो, "रूडी, तुझं नुसतं तोंड चालतं! काहीही खपवून दाखवतो म्हणतोस ना? मग हे आजोबांचं खोपटं भाड्याने देऊन दाखव! एक माणूस, फक्त एक माणूस पैसे भरून अर्ज करू दे, मी शिकागोची जर्सी घालून शाळेत येतो!"

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. अहो, आमच्या ओशकोशमध्ये, आख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये, शिकागोच्या फुटबॉल टीमची, म्हणजे आमच्या हाडवैऱ्यांची, जर्सी घालून फिरायचं म्हणजे काय असतं ठाऊक आहे का? आमच्याकडे पोराचं लग्न शिकागोच्या मुलीशी ठरलं तर म्हाताऱ्या कोताऱ्या रडतात! आणि फेंग जर्सी घालणार म्हटल्यावर मी नाही म्हणू? मी? तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात आणि माझ्या तोंडात जे अंतर आहे ना, तिथं देवानं एक फाटक बसवायला हवं होतं. नाही बसवलं. म्हटलं, "लागली पैज!"

आता खोपटं म्हणजे काय, तर आजोबांचं मासे मारायचं खोपटं. फेब्रुवारीत तळं गोठलं की ट्रकला बांधून बर्फावर ओढत न्यायचं, खाली बर्फ कापायचा, दार लावून आत अंधारात बसायचं, भाला हातात, आणि खालून स्टर्जन मासा कधी जातोय त्याची वाट बघायची. आजोबा बसतात. जन्मभर बसतायत. मागं एकदा मासा आला पण, हा माणसाएवढा, पण तो मारला शेजारच्या खोपट्यातल्या माणसानं, कारण आजोबांना त्याच वेळी डुलकी लागली होती. उरलेलं वर्षभर ते खोपटं आमच्या परसात, गॅरेजच्या मागं. फळ्यांच्या चार भिंती, वर पत्रा, खिडकी नाही, आतून सगळं काळं कुळकुळीत रंगवलेलं, कोपऱ्यात लाकडाची इवलीशी शेगडी, आणि जमीन… जमीन म्हणजे कडेनं फळ्या आणि मधोमध हे एवढं भोक! बाथटब जाईल!

आणि मी एक शब्द खोटा लिहिला नाही हो जाहिरातीत, हे मात्र लिहून घ्या! "छोटंसं स्वतंत्र घर. एक खोली. लाकडाची शेगडी. अतिशय शांत. शेजाऱ्यांचा त्रास नाही. मोसमात तळ्याचं दर्शन घरबसल्या. पाणी थेट घरात." आता पाणी थेट घरात, जमिनीतून, ते नाही लिहिलं… सगळंच कोण लिहितं? वर एक फोटो टाकला, बाहेरून, झुडपांच्या आडून, मावळतीच्या उन्हात. तुम्हाला सांगतो, त्या फोटोत मलाच राहायला जावंसं वाटलं.

आणि फोन? एक नाही! भाडं एवढं कमी, फोटो एवढा झकास, आणि कुत्रं विचारेना! फेंग आपला रोज शाळेत मागून गुणगुणतोय. शेवटी एक फोन आला. कुणी म्हातारबुवा. मी फोनवर लोकरीचा मोजा धरला, आवाज खाली नेला, पोटातून, "बोला, मी मिस्टर हॉफमन." ते म्हणाले, "अर्जाची फी किती?" म्हटलं, "फी? छे छे, फी बी काही नाही, अर्ज फुकट."  तर ते म्हणाले, "फी नाही?… हे बघा हॉफमन, माझं वय झालंय, मी खुळा नाही!" आणि ठेवला की फोन! म्हणजे घ्या! फुकट म्हटलं म्हणून मी चोर!

तेव्हा माझ्या डोक्यात ते शिरलं. जो अक्कल असलेला माणूस असतो त्याच्या डोक्यात असल्या वेळी काहीतरी चांगलं शिरतं. माझ्या डोक्यात काय शिरलं? मी जाहिरात उघडली आणि खाली एक ओळ घातली. "अर्जाची फी चाळीस डॉलर. फी परत मिळणार नाही."

बस्स! अहो, फोन हातात थरथरायला लागला! मधमाश्यांचं पोळं धरल्यासारखा! भूगोलाच्या तासाला टिंग, जेवणाच्या सुट्टीत टिंग, संडासात टिंग! माणसं, माणसं, माणसं! कोण नुकतं लग्न झालेलं, कोण घटस्फोट झालेला, कोण नर्स, कोण ट्रक चालवणारा… आणि सगळ्यांचा सूर एकच, फी आहे म्हणजे घर खरं आहे! घर बघायला कधी येऊ, कुणी चुकून विचारलंच, तर मी मोज्यातून म्हणायचो, "आधी अर्ज, मग फी, मग बघणं." म्हटलं आता शिव्या पडणार. कुठलं काय! "हो हो, बरोबर आहे, सगळीकडे तसंच असतं," असं म्हणून पैसे पाठवायचे! न बघितलेल्या घरासाठी! मी तर म्हणतो बूट घेताना माणूस पायात घालून बघतो. पण घराला आधी चाळीस डॉलर, मग दार. आणि फी परत मिळणार नाही!

फेंगनं जर्सी घातली बरं का. शुक्रवारी. शिकागोविरुद्धच्या मॅचच्या आदल्या शुक्रवारी! बसमधून उतरला तेव्हा ड्रायव्हर बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही त्यानं बसमध्ये उलटी केलीय. जेवणाच्या हॉलमध्ये वाढणारीनं त्याच्या ताटात बटाटे कमी घातले. मी नुसता हसतोय, पोट धरून हसतोय, आणि मग संध्याकाळी आख्ख्या कंपूला घेऊन गेलो तळलेले चीजचे गोळे खायला. माझ्याकडून! "घ्या रे घ्या, मिस्टर हॉफमनच्या नावानं घ्या!" कुणाचे पैसे, कशाचे पैसे… माझ्या घशाखाली उतरले हो ते गोळे. तेच आता आठवतं. छान उतरले. गरम होते.

तिथून मी आणि फेंग आलो खोपट्यात. भोकाच्या दोन बाजूंना पाय सोडून बसलो, आणि अर्ज वाचायला घेतले मोठ्यानं. फेंगनं कुठल्यातरी खऱ्या घरमालकाचे प्रश्न उतरवून घेतले होते, कुठं काम करता, आधीचं घर का सोडताय, पाळीव प्राणी आहे का, वगैरे. आणि लोकांनी उत्तरं दिली होती. सगळी! मी एकेकाचा आवाज काढून वाचतोय. नर्सचा बारीक आवाज, "मी अतिशय स्वच्छ आहे, मी पायपुसणंसुद्धा धुते!" ट्रकवाल्याचा घोगरा, "मी घरी कमीच असतो साहेब, म्हणजे भिंतींची झीज कमी!" फेंग हसून हसून भोकात पडायच्या बेतात. आणि मग मी पुढचा काढला. म्हटलं, "ऐक हा ऐक, ही नोरीन पेल्टियर, वय एकावन्न, चीजच्या कारखान्यात पॅकिंगला, सोबत राहणार हर्बर्ट, वय तेरा. हर्बर्टला ऐकू कमी येतं. हर्बर्ट रात्री शांत झोपतो. हर्बर्ट गालिच्यावर घाण करत नाही. हर्बर्ट जिना चढत नाही म्हणून आम्हाला खालचंच घर हवंय…" फेंग म्हणाला, "अरे पोरगा तेरा वर्षांचा आणि गालिच्यावर…?" आणि मग खाली फोटो. हर्बर्ट कुत्रा! म्हातारा, तोंड पांढरं झालेला, पोट जमिनीला टेकलेला, गळ्यात टाय बांधलेला! अर्जाच्या फोटोसाठी टाय! वर त्याला शिफारसपत्र! जुन्या शेजाऱ्यानं दिलेलं! "मी हर्बर्टला नऊ वर्षं ओळखतो. सभ्य कुत्रा आहे."

आम्ही लोळलो! अक्षरशः! कुत्र्याला शिफारसपत्र! मला माझ्या शाळेतून कुणी देणार नाही! मी हसत हसत पुढं वाचतोय, आधीचं घर का सोडताय, त्याच्याखाली तिनं लिहिलं होतं… "नवरा कर्ज करून गेला, ते माझ्या नावावर निघालं, त्यामुळे सगळे नाकारतात. सध्या बहिणीच्या सोफ्यावर आहोत. तिच्या घरमालकानं नोटीस दिलीय, पाहुणी पुढच्या रविवारनंतर दिसली तर बहिणीलाच बाहेर काढीन. फी भरून भरून हात रिकामा झालाय, ही शेवटची भरतेय. तुमच्या जाहिरातीत शांत लिहिलंय. हर्बर्टला शांत आवडतं."

मी आवाज काढत होतो ना तिचा… तो मधेच कुठंतरी माझाच झाला. फेंग हसायचा थांबला. मी थांबलो. त्या काळ्या भिंती, ते भोक, आणि तोंडाला चीजचा वास… फेंग म्हणाला, "चल, मला घरी जायचंय." आणि गेला. जर्सी उलटी करून घालून गेला.

बरं, घरी आलो तर आई सॉसेज भाजतेय, आजोबा टीव्हीसमोर. मी आपलं सहज, अगदी सहज, केचप ओतता ओतता विचारलं, "आई, घरासाठी अर्ज केला आणि घर नाही मिळालं, तर ती फी परत देतात का गं?" आई अशी हसली! चिमटा हातातला तसाच. म्हणाली, "कोण परत देतो? तपासायला खर्च येतो म्हणतात. येत असेल, नाही असं नाही. पण एका खोलीसाठी वीस जणांकडून घेतात, आणि देतात एकाला. आम्ही इथं आजोबांकडे राहायला का आलो, तुला काय वाटतं?" म्हटलं, "आजी गेली आणि आजोबांना एकटं वाटत होतं म्हणून." "तुला तसं सांगितलं," आई म्हणाली. "तू लहान होतास. मी ती आख्खी उन्हाळ्याची सुट्टी फिया भरत होते." आणि सॉसेज उलटलं. आजोबा टीव्हीकडे बघत म्हणाले, "मला एकटं वाटत होतंच." असे ते दोघं. आणि मी मधे, केचप हातात, आणि खिशात मिस्टर हॉफमन टिंग टिंग करतोय!

 आता जो शहाणा असतो तो तिथंच, त्या टेबलावरच बोलून टाकतो. मी? मी खोलीत गेलो आणि युक्ती काढली. म्हटलं, सगळ्यांना नकार पाठवू! खरे घरमालक पाठवतात तसा, गुळगुळीत! "आपल्या अर्जाबद्दल आभार. आम्ही दुसरा अर्जदार निवडला आहे. हॉफमन." एकदम सगळ्यांना. बटण दाबलं आणि पांघरुणात डोकं घालून वाट बघत बसलो, आता शिव्या येणार, धमक्या येणार, पैसे टाक म्हणणार…

तुम्हाला सांगतो, शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं! आभार आले हो! आभार! नर्स म्हणते, "कळवल्याबद्दल धन्यवाद, बाकीचे कळवतसुद्धा नाहीत!" ट्रकवाला म्हणतो, "तुम्ही सज्जन माणूस, देव तुमचं भलं करो!" देव! माझं! एक माणूस, एक माणूस म्हणाला नाही की चाळीस डॉलर परत दे. कुणाच्या मनातच नाही आलं. का? तर फी परत मिळणार नाही! सवय झालेली! मी लोकांचे पैसे खाल्ले, घर नाही दिलं, दोन ओळी पाठवल्या, आणि ओशकोशातला सगळ्यात चांगला घरमालक ठरलो!

म्हणजे सुटलोच होतो ना मी? कुणाला कळणार नव्हतं. कधीच नाही. आणि मग तिचं आलं. नोरीनचं. "मिस्टर हॉफमन, नकार दिलात त्याबद्दल राग नाही. फक्त एक विचारते. हर्बर्टमुळे का? खरं सांगा. तसं असेल तर मी त्याला पुढच्या शनिवारी कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये सोडते आणि एकटीचा अर्ज पुन्हा करते. फी पुन्हा भरीन."

वाचलं का? ऐकलं का? पुन्हा फी भरणार, म्हणते! मासे मारायच्या खोपट्यासाठी! कुत्रा सोडून! मी पांघरुणातच उठून बसलो. पांघरूण डोक्यावर, भुतासारखा. घाईघाईनं लिहिलं, "हर्बर्टमुळे नाही." लगेच तिचं, "मग कशामुळे? कर्जामुळे? ते मी कसं बदलू, कुत्र्याचं बदलता येतं." आता यावर मी काय लिहू? लिहिलं, खोडलं. "घर नाहीये" लिहिलं… खोडलं. "मी सोळा वर्षांचा आहे" लिहिलं… ते तर लगेच खोडलं. तेवढ्यात तिचंच आलं, "समजलं. तुम्ही सभ्य आहात म्हणून बोलत नाही. कुत्राच."

फेंगला फोन लावला. फेंग झोपेतून म्हणतो, "पैसे परत कर सगळ्यांचे गुपचूप, आणि मोकळा हो." पास होणारा पोरगा ना, सुचतं त्याला! पण चीजच्या गोळ्यांत गेलेले कुठून आणू? मग काय, आख्खा आठवडा शाळा सुटल्यावर गल्लीतल्या लोकांच्या अंगणातली पानं पैसे घेऊन गोळा केली. ऑक्टोबरात आमच्याकडे झाडं जणू सूड उगवतात. एक ढीग केला की वरून दुसरा. आजोबा खिडकीतून बघतायत, आईला हाका मारतायत, "अगं ये, बघ, पोरगा आजारी तर नाही?" हाताला फोड आले. गुरुवारी पुरे झाले पैसे. केले परत. सगळ्यांचे. एका दमात.

आणि मग पडल्या शिव्या! हो! तेव्हा नाही, आता! नर्सचा फोन, "कोण आहात तुम्ही? फी कोण परत करतं? माझा खातेनंबर हवाय ना तुम्हाला?" ट्रकवाला, "मी पोलिसांत जाईन! ही कसली नवीन फसवणूक काढलीय?" मी मोज्यातून म्हणतोय, "अहो तुमचेच पैसे आहेत!" तो म्हणतो, "तेच तर संशयास्पद आहे!" आणि परत पाठवले त्यानं मला! मी पुन्हा पाठवले. त्यानं पुन्हा! शेवटी माझा नंबरच ब्लॉक केला त्यानं. पैसे घेतले तेव्हा मी सज्जन. दिले तेव्हा चोर. अरे, माणसानं शरमायचं तरी कुठल्या बाजूनं?

फक्त एकीला संशय आला नाही. नोरीनला. तिचं आलं, "मिस्टर हॉफमन, फी परत? मला आयुष्यात कुणी दिली नाही. मी कामावर रडले, सुपरवायझरनं विचारलं काय झालं. तुमच्यासारख्या माणसालासुद्धा कुत्रा नको असेल, तर कुणालाच नको. मी ठरवलंय. शनिवारी सकाळी, शेल्टर उघडलं की." म्हणजे बघा! खोटं बोललो तर कुत्रा जाणार, गप्प बसलो तर कुत्रा जाणार, पैसे दिले तर त्याहून पक्का जाणार! मी जितका सुटायला बघतोय तितका हा हॉफमन मोठा होतोय, देवमाणूस होतोय, आणि त्या म्हाताऱ्या बहिऱ्या कुत्र्याच्या गळ्याभोवती दोर आवळत चाललाय! फोन केला तिला, मोजा न लावता. उचलला तिनं, आणि मी… ठेवला. एवढा मी शूर.

शनिवारी सकाळी सायकल काढली. आजोबा म्हणाले, "एवढ्या सकाळी? शनिवारी? पोरा, खरंच बरं नाही का तुला?"  सायकल हाणतोय, थंडीनं कान गळायला आलेत, आणि वाटेत मनाशी घोकतोय, काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. नमस्कार बाई, तुम्ही मला ओळखत नाही. नमस्कार बाई, मी एक मूर्ख आहे. नमस्कार बाई…

शेल्टरमध्ये शिरलो तर समोर काउंटर, आत सगळी कुत्री एका सुरात भुंकतायत, रांगेत माणसं, आणि सगळ्यांत पुढं ती. कारखान्याचं जाकीट, केसांना जाळी तशीच, रात्रपाळी करून सरळ आलेली. आणि पायाशी तो. टाय बांधून! अहो टाय बांधून आणला होता त्याला! तिथल्या लोकांवर चांगलं मत पडावं म्हणून! तो आपला मजेत बसलाय, ऐकूच येत नाही ना, आजूबाजूला एवढं भुंकणं चाललंय आणि हा शेपटी हलवतोय येणाऱ्या जाणाऱ्याला. काउंटरवरची बाई, तिच्या स्वेटरला मांजराचे केस, न बघताच म्हणाली, "कुत्रा सोडायची फी लागेल, बाई."

फी! सोडायची पण फी! आणि नोरीननं पर्स उघडली, आणि म्हणाली, "हो, हो, आहेत, परवाच एका भल्या माणसानं परत केलेत." आणि चाळीस डॉलर काढले. माझे. म्हणजे तिचे. म्हणजे ते, पानं गोळा केलेले! तेच हो, तेच! तिचा कुत्रा तिच्यापासून सोडवायला मी पैसे पुरवले होते!

"थांबा!" मी ओरडलो. एवढ्यानं ओरडलो की आतली कुत्री गप्प झाली. हर्बर्ट सोडून सगळे माझ्याकडे बघायला लागले. "देऊ नका! बाई, देऊ नका! हॉफमन म्हणून कुणी नाहीये!"

ती वळली. "काय रे बाळा? तुला कसे माहीत मिस्टर हॉफमन? तू त्यांचा नातू का?"

नातू! मला संधी होती बघा. अगदी आयती. हो म्हणायचं, आजोबांचा निरोप आणलाय म्हणायचं, कुत्रा ठेवा म्हणायचं, आणि सायकलवर बसून पसार! माझ्या डोक्यात तो शब्द तयार होता. "हो." जिभेच्या टोकावर होता. आयुष्यभर जे फाटक नव्हतं ना माझ्या तोंडाला, ते त्या दिवशी नेमकं लागलं, आणि ते "हो" अडकलं.

"नाही बाई. हॉफमन मीच." ती हसली, समजूतदार हसली, लहान पोराला हसतात तशी. "अरे, ते वयस्कर गृहस्थ आहेत, मी फोनवर बोललेय त्यांच्याशी." मग काय करणार? रांगेतली सगळी माणसं बघतायत, काउंटरवरची बाई बघतेय… मी बाही ओढली, तोंडावर धरली, आणि पोटातून, खालून, तो आवाज काढला. "बोला… मी मिस्टर हॉफमन. आधी अर्ज, मग फी, मग बघणं."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं. मग हळूहळू गेलं. मी म्हणतोय, थांबलो असतो तर पुन्हा बोललोच नसतो म्हणून भराभरा म्हणतोय, "पैज होती बाई, मित्राशी, ते घर नाहीये, ते माझ्या आजोबांचं मासे मारायचं खोपटं आहे, त्याला खिडकी नाही, त्याला जमीनच नाही नीट, मी तुमचा अर्ज मोठ्यानं वाचला, आवाज काढून वाचला, हसलो, हर्बर्टच्या टायला हसलो, तुमच्या पैशांनी चीजचे गोळे खाल्ले…"

ओरडावं ना माणसानं! एक ठेवून द्यावी! मी गाल पुढंच केला होता जवळजवळ.  तिच्या हातात पैसे तसेच. मग खाली वाकली, हर्बर्टच्या गळ्यातला टाय सरळ केला, आणि खालूनच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे… याच्यामुळे नाही?"

"नाही बाई," मी म्हटलं. "तो चांगलाय. तुम्ही पण चांगल्या. आलेल्या सगळ्या अर्जांत तुमचाच चांगला होता. घरच नव्हतं. घरमालकही नव्हता. नुसता मी होतो… तुम्हाला हसायला बसलेला."

नोरीननं चाळीस डॉलर पर्समध्ये परत ठेवले. मग ती काउंटरवरची बाई पेनानं काचेवर टकटक करत म्हणाली, "म्हणजे कुत्रा सोडायचा नाहीये ना? मग व्हा बाजूला तिघं, मागं रांग आहे."

झालो बाजूला.